जिवंतपणी ऐकायचा जीवनपरिचय

"माझं कवा लिहायलीस?"

बाबांनी एका सकाळी चहा पिता पिता हे विचारलं, तेव्हा मला वाटलं मृत्युपत्राबद्दल बोलायलेत. मी म्हटलं, "बाबा, पूर्णेचं दोन खोल्यांचं घर आन आईची पितळी भांडी. एवढ्यासाठी वकील कशाला?"

"वकिलाचं न्हाई गं. जीवनपरिचय. लोकायचे लिहितीस की ढिगानं. माझा बी लिही. पर मला ऐकायचाय. मेल्यावर माइकवर वाचून माझ्या काय कामाचा?"

मी हसले. हसायला नको होतं, हे आता कळतंय.

आमच्या समाजात, म्हणजे छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांत, माणूस गेला की काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. घरापुढं मांडव, भाड्याच्या खुर्च्या, हार घातलेला फोटो. आधी वंदना होते, शेवटी जेवणं. या दोन्हींच्या मधे कोणीतरी उभं राहून गेलेल्या माणसाचा जीवनपरिचय वाचतं. दीड पान. नावाच्या आधी 'कालकथित' लावायचं, जसं इतर लोक 'कैलासवासी' लावतात. पूर्णेत आमच्या वस्तीत आणि पुढं परभणीतही हे दीड पान लिहायचं काम माझ्याकडं असायचं. दहावीला मराठीत शाळेत पहिली आले म्हणून शेजारच्या काकांनी त्यांच्या आईचा लिहायला लावला, आणि जे गळ्यात पडलं ते पडलंच. कोणी गेलं की रडारड थांबायच्या आत माझ्याकडं निरोप यायचा, "ताई, तेवढं तुमच्या भाषेत लिहून द्या."

माझ्या भाषेत! अत्यंत गरीब परिस्थितीत जन्म. बालपणापासून कष्टाची सवय. स्वभाव मनमिळाऊ. मुलांना उच्च शिक्षण दिले. समाजकार्यात मोलाचा वाटा. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी. हे मी झोपेत लिहू शकत होते, आणि खरं सांगायचं तर बरेचसे झोपेतच लिहिले.

बाबा या प्रत्येक कार्यक्रमाला हजर. रेल्वेत पाइंटमन होते, पूर्णा जंक्शनला. रूळ बदलायचे, डबे जोडायचे-सोडायचे, रात्रंदिवस इंजिनांच्या आवाजात. त्यामुळं एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून पुढच्या रांगेत, थेट भोंग्याच्या तोंडाशी बसायचे. घरी आले की धोतर सोडता सोडता सुरू व्हायचे, "आजबी मनमिळाऊच? अगं, आख्खी जिंदगी भावकीशी कोर्टात भांडला तो! समदेच मनमिळाऊ हायत, मग वस्तीत भांडणं कोण करायलंय? बाहेरून येऊन?"

मी म्हणायचे, "बाबा, मेलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं मग?" ते म्हणायचे, "त्याच्याबद्दल लिहायचं." आणि आम्ही दोघंही हसायचो.

पण त्या सकाळी ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, म्हणून मी त्यांना पूर्णेहून परभणीला माझ्याकडं आणलं होतं. नवरा नोकरीसाठी नांदेडला, शनिवार-रविवार यायचा. बाकी घरात आम्ही दोघंच. चहाचा कप खाली ठेवून बाबा म्हणाले, "तुझ्या आईचा वाचलास तवा म्या समोरच बसलो होतो. लोकं रडायलते. मला रडूच यीना. मनात म्हनलं, ही कोण बाई हाय? माझी बायको कुटं गेली ह्याच्यातून?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. मी म्हटलं, "तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझी माय गेलती. तुला काय बोलणार?"

आईचा परिचय लिहिताना मी खूप रडले होते, हे मला पक्कं आठवत होतं. रडत रडत मी लिहिलं काय, तर 'मनमिळाऊ, कष्टाळू व प्रेमळ'. माझी आई मनमिळाऊ नव्हती हो. फटकळ होती. दारात उभं राहून अख्ख्या रेल्वे कॉलनीला सुनवायची. तिचा तो फटकळपणा हेच तर तिचं सगळं होतं.

"मला वळखू आलं पाहिजे," बाबा म्हणाले. "डोळे झाकून ऐकलं तरी लोक म्हनले पाहिजेत, हा तोच. आन पहिल्यांदा म्या माझ्या कानानं ऐकणार. मग मोकळा." मी हो म्हटलं. त्यात काय एवढं, असं मनात म्हटलं. दीडशे लोकांचे लिहिले, बापाचा लिहायला काय जातंय.

पहिला मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत लिहिला. एका सरकारी कार्यालयात कारकून आहे मी. शुक्रवारी डायलिसिसच्या खाटेपाशी स्टूल ओढून वाचून दाखवला. तिथं चार तास यंत्र चालतं, माणसाला हलता येत नाही, म्हणजे ऐकणारा पळून जाण्याचा प्रश्न नव्हता. शेजारच्या खाटेवर मानवत गावचे एक किराणा दुकानदार असायचे. ते पहिल्याच परिच्छेदाला घोरायला लागले. बाबा मात्र एका कानावर हात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"चांगला हाय," ते म्हणाले. मग कानावरचा हात काढून, "पर हा कुणाचा बी हाय गं माय. 'कर्तव्यात कसूर न करता प्रदीर्घ सेवा बजावली.' हे तर आमच्या निरोपसमारंभात मोठ्या साहेबानं वाचलं होतं. सगळ्यालाच तेच वाचायचा तो."

बरोबर होतं. ते वाक्य कचेरीतलं होतं. माझ्या कचेरीतले साहेबही 'मी' लिहू देत नाहीत. 'उपरोक्त विषयी सविनय सादर की' असं सुरू करायचं आणि 'आदेश व्हावा ही विनंती' असं संपवायचं. मधे जे काही घडलं ते कोणीच केलेलं नसतं, ते आपोआप 'करण्यात आलेले' असतं. वीस वर्षं रोज आठ तास हे लिहिल्यावर माणसाचा हात काय राहतो? मी तो कागद फाडला आणि बाबांना म्हटलं, "तुमीच सांगा, काय घालू?"

मग ते सांगायला लागले. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. परभणीच्या उरुसाला मला खांद्यावर बसवून नेलेलं. मी वरून त्यांच्या डोक्यावर खाजा सांडला आणि मुंग्या लागल्या ते. दोन वर्षं दारू प्यायले ते, आणि आईनं बाटली डोक्यात घालायची बाकी ठेवली तेव्हा सोडली ते. एक स्टेशनमास्तर स्वतःच्या माठातलं पाणी देईना, तेव्हा तो माठच उचलून फलाटावर नेऊन सगळ्या हमालांना पाजला ते. सांगताना हसायचे, खोकायचे, सिस्टर ओरडायची, "बाबा, हलू नका, सुई निघंल!" मला वाटलं, आता झालंच. हे सगळं उतरवून काढायचं, बस्स.

मी उतरवलं. आणि नशीब बघा, वाचायच्या दिवशी नेमके पूर्णेच्या विहार समितीचे अध्यक्ष भेटायला आले. माणूस चांगला, वस्तीसाठी मरमर मरणारा. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं, मान हलवली आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "ताई, लिहिलंय छान. पण उरुसाचं काढा. आपल्या माणसानं दर्ग्यात जायचं, आणि ते आपणच माइकवर सांगायचं? दारूचंही नको. समोर पोरं बसलेली असतात. माठाचं ठेवा, पण ते जरा संघर्षाच्या भाषेत करा. अन्यायाविरुद्ध एल्गार, असं. आता ते माठ घेऊन पळाल्यासारखं वाटायलंय."

"ते माठ घेऊन पळालेच होते," मी म्हटलं.

"असतील. पण परिचय प्रेरणादायी पाहिजे ना."

मला राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे मी मान डोलावली. लहानपणापासून मान डोलावत आले आहे. शाळेत मराठीचे सर होते, देवमाणूस. गरीब पोरांना स्वतःची पुस्तकं द्यायचे. ते म्हणायचे, "घरातली भाषा चपलेबरोबर वर्गाबाहेर काढून यायची." मी निबंधात लिहिलं होतं, बाबा ड्युटीहून येतात तेव्हा लय दमलेले असतात. सरांनी तांबड्या शाईनं ते खोडून वर लिहिलं, 'श्रमाने क्लांत झालेले असतात.' मी तो शब्द घोकला, परीक्षेत वापरला, पहिली आले, सरांनी पाठ थोपटली. माझे बाबा आयुष्यात कधी क्लांत झाले नाहीत. ते दमायचे. दमून भिंतीला टेकून बसायचे आणि बुटाची नाडी सोडायलाही वाकवत नव्हतं त्यांना. पण मला पहिला नंबर पाहिजे होता ना.

अध्यक्ष गेल्यावर मी खाटेपाशी येऊन सांगितलं, काय काय काढायला सांगितलंय ते. बाबांनी छताकडं बघत विचारलं, "उरूस काढला, दारू काढली, माठ बदलला. मग उरलं काय?"

"आणखी एकदा लिहिते," मी म्हटलं.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मला लेखिका व्हायचं होतं. नुसते परिचय लिहिणारी बाई नाही, खरी लेखिका. मोठ्या शहरातल्या एका मासिकाला मी दोनदा लेख पाठवला होता, दोनदा परत आला. दुसऱ्यांदा संपादकांनी फोन केला. गोड आवाज. "तुम्ही फार इस्त्री करून लिहिता हो. तुमच्या लोकांचं जगणं असं गुळगुळीत असतं का? दाह कुठाय? भूक कुठाय?" 'तुमच्या लोकांचं' ऐकून माझं डोकं सणकलं. सरांनी आयुष्यभर इस्त्री करायला शिकवली, आणि हे म्हणतात चुरगाळून आणा! फोन ठेवला, चार शिव्या हासडल्या. आणि मग बसले आणि त्यांना पाहिजे होतं ते लिहिलं.

आमच्या घरात भूक नव्हती. बाबांची सरकारी नोकरी होती. पगार थोडा, खाणारी तोंडं जास्त, पण भाकरी होती. बाबा कामावरून आले की बूटसुद्धा न काढता आधी चुलीपाशी जायचे, भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं उचलून आत बघायचे आणि विचारायचे, "जेवले का समदे?" आई म्हणायची, "जेवले, जेवले. बूट काढा आधी, घर घाण करायलेत!" मग ते पाणी मागायचे. रोज. दिवसपाळी असो की रातपाळी. हे मी लेखात घेतलं. फक्त शेवट बदलला. लिहिलं, 'बाप टोपल्यावरचं फडकं उचलायचा आन आत निस्ता अंधार असायचा.' संपादकांनी लगेच छापलं. त्यांचं पत्र आलं, त्यात ते टोपल्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून 'अस्सल' असं लिहिलं होतं.

बाबांनी तो अंक काखेत धरून स्टेशनपर्यंत नेला होता. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं. माझ्या नावावर बोट ठेवून तिकीटवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. "वाचून दाखव की," असं मला म्हणाले होते. मी म्हटलं, नंतर. ते नंतर कधी आलं नाही, मी येऊच दिलं नाही.

तिसरा परिचय लिहिताना माझं डोकं चालेना. कचेरीची भाषा बाबांनी ओळखली, समितीची मला नको होती, सरांची तर शरमच वाटायला लागली होती. मग मनात आलं, माझं म्हणून एकच वाक्य आजवर कोणी वाखाणलंय. ते तरी माझं असेल. म्हणून मी टोपल्याचा तो सगळा भाग उचलून जसाच्या तसा परिचयात बसवला. खोटं सांगत नाही, लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. इतक्या वेळा ते वाक्य मी मनाशी म्हटलं होतं की, मला तो अंधार आठवायला लागला होता.

मंगळवार होता. बाबांना थंडी वाजत होती, दोन चादरी घातल्या होत्या. मी वाचत गेले. फडकं उचलायचे इथपर्यंत ते गालात हसत होते. मग मी पुढचं वाचलं.

बाबा म्हणाले, "कोणाचं टोपलं हे?"

मी म्हटलं, "बाबा, लिहिण्यात थोडं तसं करावं लागतं."

"कोण करायला लावायलंय?"

सर, साहेब, अध्यक्ष, संपादक, कोणाचं नाव सांगू? त्यातलं कोणीच त्या खाटेपाशी नव्हतं. तिथं मीच होते, कागदही माझ्याच हातात होता.

"आपल्या घरी तू उपाशी झोपलीस कवा?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "सांग ना. एक रात सांग. माझ्या बापाच्या घरी म्या झोपलो उपाशी, लय रात्री झोपलो. म्हणून ठरवलं होतं, माझ्या घरात कोणी झोपणार न्हाई. लोकं सणाला सुट्टी घ्यायचे, म्या त्यांची पाळी करायचो. जिंदगीत एवढं एकच काम केलं गं म्या. तेवढंबी पुसलंस."

मानवतचे दुकानदार जागे होते. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. माफी मागायला तोंड उघडलं, तर काय शब्द बाहेर यावेत? 'माझ्याकडून अनवधानाने.' हे माझ्या तोंडून निघालं, माझ्या स्वतःच्या बापासमोर! मी तिथंच थांबले.

त्यानंतर दोन वेळा बाबा यंत्रावर गप्प पडून राहिले. घरी बोलायचे, औषधाबद्दल, भाजीतल्या मिठाबद्दल, जावयाच्या रजेबद्दल. परिचयाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. मी मात्र लिहीत होते. कचेरीत फायलीखाली कागद ठेवून, रिक्षात, भाजी चिरता चिरता मनात. एकच वाक्य लिहायचं होतं: बाबांच्या घरात कोणी उपाशी झोपलं नाही. सोपं ना? तुम्हीच लिहून बघा. 'त्यांच्या छत्रछायेखाली कोणासही क्षुधेची झळ पोहोचली नाही.' हे सर. 'कुटुंबातील कोणीही सदस्य उपाशी झोपल्याचे आढळून आले नाही.' हे साहेब. 'भुकेच्या व्यवस्थेविरुद्ध त्यांनी एल्गार पुकारला.' हे अध्यक्ष. 'बापानं आमाला उपाशी निजू दिलं न्हाई' असं लिहिलं, तर तो संपादकांचा गोड आवाज कानात, "अस्सल!" एकेक वाक्य खोडत गेले. मला वाटायचं, हे सगळे उठून गेले की खाली माझा आवाज सापडेल. पण ते उठल्यावर खाली काहीच नव्हतं. कोरा कागद होता. चाळिशी उलटली, शेकडो पानं लिहिली, आणि माझ्या बापाबद्दल एक ओळ माझी म्हणून लिहिता येईना. कधीकधी वाटायचं, निरक्षर राहिले असते तर निदान सांगता तरी आलं असतं.

मग एका शुक्रवारी बाबांनीच विचारलं, "आणलंस का काही?"

माझ्या पर्समधे कागद होता. त्यावर दोन ओळी होत्या, खोडाखोडीतून वाचलेल्या. बऱ्या होत्या का वाईट, मला ठरवता येत नव्हतं. त्या वाचून दाखवल्या असत्या, तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. मी घाबरले. टोपल्याच्या वेळी झाला होता तसा त्यांचा चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. मी म्हटलं, "मंगळवारी, बाबा. मंगळवारी नक्की."

"बरं. मंगळवारी," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर हात ठेवून डोळे मिटले.

रविवारी सकाळी ते गेले. पोहे करायला मी आत गेले होते, बाहेर आले तर खुर्चीत मान कललेली.

कार्यक्रम पूर्णेच्या घरापुढं ठेवला. मधल्या दिवसांत येणारी-जाणारी माणसं, कागदपत्रं, स्मशानाचा दाखला. त्या दोन ओळींचा कागद मी पर्समधून काढून बघितला होता. मला त्या ओळी खोट्या वाटल्या, आणि मी तो फाडून टाकला. आज त्या आठवतसुद्धा नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी विचारलं, "ताई, दीड पान झालंय ना?" मी म्हटलं, होतंय. आतल्या खोलीत ट्रंकेवर बसले आणि वीस मिनिटांत लिहून काढलं. एकदाही खोडावं लागलं नाही. हात आपला आपण चालत होता.

कालकथित अमुक यांचा जन्म अत्यंत गरीब परिस्थितीत झाला. रेल्वेत प्रदीर्घ सेवा. स्वभाव मनमिळाऊ. 'कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी त्यांनी अहोरात्र कष्ट उपसले.' बाबांचं जिंदगीतलं ते एकच काम माझ्या हातात येऊन असं झालं.

मी माइकसमोर उभी राहिले आणि वाचलं. आवाज चांगला लागला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. अध्यक्षांनी मान डोलावली. नंतर कोणीतरी म्हणालं, "लेक असावी तर अशी." मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण वाढायला माणसं कमी होती म्हणून मी भाताची बादली उचलली.

जेवणं चालू असताना एक माणूस माझ्यापाशी येऊन उभा राहिला. झरी गावचा होता, पाहुण्यांबरोबर आलेला. मी त्याला ओळखत नव्हते. डोळे सुजलेले होते.

"ताई, माझी माय परवा गेली. सोमवारी कार्यक्रम हाय. तुमी वाचलं ते लय मनाला लागलं. त्याची झेरॉक्स भेटंल का?"

"झेरॉक्स कशाला?"

"तेच वाचावं म्हनलं. नाव बदलतो आन रेल्वेचं तेवढं काढतो. बाकी समदं माझ्या मायचंच हाय."

तो खोटं बोलत नव्हता, लाडीगोडीही लावत नव्हता. त्याला खरंच त्या कागदात त्याची आई दिसली होती. मी बादली खाली ठेवली, हात पुसले, कागद उलगडला. त्याच्या आईला लागू होणार नाही अशी एक तरी ओळ सापडावी, म्हणजे सांगता येईल, हे माझ्या बाबांचं आहे, हे देता येणार नाही. दीड पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग परत वरपासून वाचलं. तो बिचारा वाट बघत उभा होता.

"झेरॉक्स नको," मी म्हटलं. "हाच घेऊन जा."

"आन तुमाला? तुमाला लागंल की."

"नाही," मी म्हटलं. "मला नाही लागणार."